मधली दोन घरं

चार घरांची चौकट. माथ्यावर आईकडची दोन अक्षरं, डाव्या कडेला वडिलांकडची दोन, आणि आत प्रत्येक घरात माथ्यावरचं एक आणि कडेचं एक अशी जोडी. काढायला अर्धा मिनिटही लागत नाही. शाळेत ही आकृती वाटाण्याच्या शेंगांशेजारी येते, मुलं ती मार्कांपुरती पाठ करतात आणि बारावीनंतर विसरून जातात. अंबरनाथच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, ही चौकट फळ्यावर किती वेळा काढली त्याला गणती नाही, आणि माझं ठाम मत आहे की इतक्या थोड्या रेघांत इतकं सांगणारी दुसरी आकृती विज्ञानात नाही. उत्तर काढलं आणि डस्टर फिरवला, एवढ्यावर तिची बोळवण करणं मला कधी पटलं नाही. एकेका घरापाशी थांबत सावकाश वाचावी अशी ती आहे.

आणि ती वाचायची तर आमच्या या पट्ट्यात वाचावी. अंबरनाथहून मुंबईकडे निघालं की पहिलंच स्टेशन उल्हासनगर. तिथे ही चौकट वहीत राहत नाही. दवाखान्यात, रक्ताच्या जुन्या रिपोर्टच्या कोऱ्या बाजूवर, बॉलपेनने ती काढली जाते. समोर नवरा-बायको बसलेले असतात, कधी मागे सासूबाई उभ्या असतात, आणि कागदावरच्या चारांपैकी एका घराकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. त्या एका घराविषयी लिहिणं भागच आहे. पण ही चौकट जितकी वाचावी तितकं माझं लक्ष मधल्या दोन घरांकडे जातं, आणि तिचा सगळा अर्थ तिथे साठलेला दिसतो.

चौकटीला नाव रेजिनल्ड पनेट यांचं. केंब्रिजचे हे प्राणिशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांच्याबरोबर काम करत होते, तेव्हा १९०५ च्या सुमारास त्यांनी ती वापरात आणली. मेंडेल यांनी अशी चौकट काढलेली नाही. ब्रनोच्या मठातल्या बागेत त्यांनी १८५६ पासून आठ वर्षं वाटाणे लावले, मोजले, पुन्हा लावले. निष्कर्ष १८६५ मध्ये वाचून दाखवले आणि ते १८६६ मध्ये छापून आले. गोल दाणे ५४७४, सुरकुतलेले १८५०. तिनास एक. या आकड्यांमागचं गणित मेंडेल यांनी एका ओळीच्या बेरजेत मांडलं होतं: शुद्ध गोल एक, मिश्र दोन, शुद्ध सुरकुतलेला एक. गणित म्हणून ही ओळ पुरेशी आहे. पण बेरजेत ‘मिश्र दोन’ हा नुसता आकडा होतो. पनेट यांनी त्या दोघांना दोन वेगळी घरं दिली. एकात ते अक्षर आईकडून आलेलं, दुसऱ्यात वडिलांकडून. बाहेरून दोन्ही सारखी, येण्याच्या वाटा वेगळ्या, आणि वाटा दोन म्हणूनच वाटा दुप्पट. पनेट यांची कारागिरी मला दिसते ती इथे.

सुरकुतलेल्या दाण्याची उकल व्हायला १९९० साल उजाडलं. इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत संशोधकांना दिसलं की सुरकुतलेल्या वाटाण्यात पिष्टाला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसून बसलेला आहे. विकर तयार होत नाही, पिष्ट नीट बनत नाही, साखर साठते, साखरेपाठोपाठ पाणी शिरतं, आणि दाणा वाळला की त्याची साल सुरकुतते. मिश्र दाण्यात एक प्रत बिघडलेली असते, पण दुसरी चांगली प्रत काम भागवते आणि दाणा गोल राहतो. अप्रभावी जनुक म्हणजे बहुतेक वेळा इतकंच: काम न करणारी प्रत, जिची उणीव जोडीदार भरून काढतो. प्रभावी जनुक त्याला दाबून ठेवतं, हरवतं, असं मुलांना वाटतं. तसं काही घडत नाही. दोन्ही प्रती शेजारी शेजारी असतात, एक चालू आणि एक बंद.

हेच दोन शब्द मी चौकटीत वापरते. चालू आणि बंद.

आता वाटाण्याच्या जागी रक्त ठेवा. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीची कृती अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे, आणि आपल्या प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात. एक प्रत बंद असली तर माणूस हिंडतो-फिरतो, शिकतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. त्याला कळतही नाही. त्याला म्हणायचं थॅलेसेमिया मायनर. दोन्ही प्रती बंद असल्या तर मेजर. अमेरिकेतल्या थॉमस कूली या बालरोगतज्ज्ञांनी १९२५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं.

उल्हासनगरशी त्याचं नातं फाळणीपासूनचं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरवली गेली. या कल्याण कॅम्पचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. तरी पत्ता सांगताना लोक आजही कॅम्प एक, कॅम्प चार असाच सांगतात. घरदार, शेती, दुकानं तिकडेच राहिली. रक्तातलं जे होतं ते बरोबर आलं. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत बीटा जनुकाचा जो बिघाड वारंवार सापडतो, त्यात जनुकाच्या शेपटाकडचा ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो. भारतात या जनुकाचे बिघाड अनेक आहेत, पण बहुसंख्य रुग्णांत पाचच पुन्हा पुन्हा दिसतात आणि हा त्यांतला एक. हा आजार एका समाजाचा मात्र कुणी समजू नये. देशभरात शंभरातली तीन-चार माणसं मायनर असतात असा अंदाज आहे, आणि दरवर्षी दहा ते बारा हजार मुलं मेजर जन्मतात. मराठी घरांतही मायनर आहेत. सिंधी समाजाने तपासणी शिबिरं भरवून हा विषय उघड्यावर आणला, म्हणून त्यांचं नाव जास्त ऐकू येतं. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

नवरा मायनर, बायको मायनर. माथ्यावर चालू, बंद. कडेला चालू, बंद.

पहिलं घर चालू-चालू. तिथे थांबण्यासारखं काही नाही.

चौथं घर बंद-बंद. इथे जन्मलेलं बाळ चांगलं गुटगुटीत असतं, आणि हाच या घराचा सगळ्यात क्रूर भाग. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते, आणि गॅमाचं जनुक शाबूत असतं. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा मागे सरते, बीटाची पाळी येते, आणि बीटा येतच नाही. बाळ पांढरं पडू लागतं, दूध ओढताना दमतं. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत गोळा होतात आणि अस्थिमज्जेतच पेशी मरतात. मज्जा जिवाच्या आकांताने आणखी पेशी करायला जाते, हाडं फुगतात, प्लीहा वाढते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमहून जास्त लोह अंगात जातं, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात साठतं, हृदयात साठतं, ग्रंथींत साठून वाढ खुंटवतं. ते काढण्यासाठी रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई आणि पंप लावून झोपणारी मुलं मी वर्गात शिकवली आहेत. सकाळी पहिल्या बाकावर ती वेळेवर हजर असायची. पुढे गोळ्या आल्या. डेफेरिप्रोन हे तोंडाने घ्यायचं औषध जगात आधी भारतात, १९९५ च्या सुमारास, रुग्णांच्या हाती आलं. आज या मुलांचे आईबाप एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न विचारतात, “फेरिटिन किती आहे?” म्हणजे अंगात लोह किती साठलं आहे.

या घराकडे डोळे लागणं साहजिक आहे. पण या घरात जे आलं ते आलं कुठून? माथ्यावर आणि कडेला जी दोन माणसं बसली आहेत ती मागच्या पिढीतल्या कुठल्यातरी चौकटीत मधल्या घरात बसलेली होती. त्यांच्या आईवडिलांपैकीही निदान एकजण. बंद प्रत अशी मधल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करते, कुठेही न दिसता. मग एका लग्नात दोन मधली घरं समोरासमोर येतात.

माझी एक विद्यार्थिनी लग्न ठरायच्या सुमारास घरी आली होती. तिचा मोठा भाऊ मेजर. तिची स्वतःची तपासणी घरच्यांनी लांबवत नेलेली, कारण रिपोर्ट हातात आला की स्थळांना सांगावं लागेल.

“मॅडम, मी मायनर असायचे चान्स फिफ्टी-फिफ्टी ना? चारात दोन घरं आहेत.”

“तू मेजर आहेस का?”

“नाही.”

“मग चौथ्या घरावर काट मार.”

तिने काट मारली. उरलेल्या तीन घरांकडे पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, “तिनात दोन.”

चौकट वाचायची ती अशी. नव्याने कळलेली प्रत्येक गोष्ट आकृतीतलं एखादं घर पुसते आणि उरलेल्या घरांचं वजन बदलतं. पाठ्यपुस्तकातलं ‘चारास दोन’ जन्माआधीच्या बाळासाठी खरं आहे. धडधाकट बावीस वर्षांच्या मुलीसाठी ते खरं नाही, कारण तिने जगून दाखवलं आहे की ती चौथ्या घरातली नाही. एक काट, आणि अर्ध्याचे दोन तृतीयांश झाले. इतक्या साध्या हालचालीने इतका मोठा फरक पडताना मी गणिताच्या पुस्तकातही क्वचित पाहिला आहे.

आठवड्याने ती रिपोर्ट घेऊन आली. हिमोग्लोबिन ११.१. तांबड्या पेशींचा सरासरी आकार ६३. निरोगी माणसात तो ऐंशीच्या पुढे असतो. पेशींची संख्या मात्र ५८ लाख, म्हणजे बाईमाणसाच्या मानाने चढीच. हिमोग्लोबिनचा ए-टू हा प्रकार ५.३ टक्के, जे एरवी साडेतीनच्या खाली हवं. मायनर.

या आकड्यांतही सौंदर्य आहे, ते जोडीने वाचले तर. लोह कमी पडून रक्त कमी झालं की पेशी लहान होतात आणि संख्याही घटते. मायनरमध्ये पेशी लहान असतात पण संख्येने जास्त. एक प्रत बंद आहे, म्हणून प्रत्येक पेशीत माल थोडा कमी भरला जातो. शरीर म्हणतं, ठीक आहे, पेशीच जास्त करू. आकाराला दशलक्षांतल्या संख्येने भागलं की तेराच्या खाली उत्तर येतं, आणि जाणत्या डॉक्टरला ए-टू तपासायच्या आधीच संशय येतो. तिचं उत्तर अकराच्या आसपास होतं. शाळेपासून तिला ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जात होत्या. कमतरता लोहाची नव्हतीच.

मधल्या घरातली ही माणसं इतकी का? दोन बंद प्रती बाळाला मारत असतील, तर हजारो वर्षांत बंद प्रत संपून जायला हवी होती. याचं उत्तर जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये सुचवलं, उल्हासनगरचं नाव ठेवलं गेलं त्याच वर्षी. हिवतापाच्या मुलखात मायनर माणसाला त्या तापाने मरायची भीती कमी असते; त्याच्या लहान पेशींत परजीवीचं नीट बस्तान बसत नसावं. चालू-चालू घरातली मुलं तापाने गेली, बंद-बंद घरातली रक्ताअभावी गेली, मधल्या घरातली वाचली आणि त्यांनी वंश वाढवला. भूमध्य समुद्राच्या काठापासून आग्नेय आशियापर्यंत हिवतापाच्या पट्ट्यात हीच गोष्ट घडत आली. हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्या या एका विचाराने चौकटीचा गुरुत्वमध्य हलला असं मी मानते. मधलं घर हा दोष लपवायचा कोपरा नाही. कित्येक शतकं तेच सगळ्यात सुरक्षित घर होतं.

हे कळल्यावर मायनर मुलीचं स्थळ मोडणाऱ्यांचा मला राग येतो. तो मी इथे लपवत नाही. मोडतं ते बहुधा मुलीचंच. मुलाचा रिपोर्ट विचारायचं धाडस किती घरं करतात? मायनर आणि मायनर नसलेला यांची चौकट काढून पाहा. माथ्यावर चालू, बंद. कडेला चालू, चालू. चारात बंद-बंद घरच नाही. दोन घरं चालू-चालू, दोन मधली. आजार जन्माला येण्याचा संभव नाही. विचारायचं ते एवढंच की दोघंही मायनर आहेत का, आणि त्यासाठी दोघांचं रक्त तपासावं लागतं, एकाचं नव्हे.

दोघंही मायनर निघाली आणि लग्न झालेलं असलं, तर मग चौकटीतली सगळ्यात अवघड ओळ वाचायची पाळी येते, आणि ती ओळ चौकटीत लिहिलेली नाही. घरांचा क्रम म्हणजे मुलांचा क्रम नव्हे. दवाखान्यात ऐकलेला संवाद सांगते. पहिला मुलगा मेजर, सून पुन्हा गरोदर. सासूबाई चौकटीवर बोट ठेवून म्हणाल्या, “चारात एक खराब, तो झाला. आता पुढचे तीन चांगलेच ना?” समुपदेशक बाईंनी कागद उलटा केला, दुसऱ्या बाजूवर नवी चौकट काढली आणि म्हणाल्या, “आजी, ही या बाळाची. आधीची त्या बाळाची होती.” मी इतकी वर्षं शिकवलं, पण इतकं नेमकं उत्तर मला सुचलं नव्हतं. प्रत्येक गरोदरपणाला कोरी चौकट. चार घरं म्हणजे चार मुलं नव्हेत. एकाच बाळासाठी उघडे असलेले चार दरवाजे आहेत ते. अशा जोडप्याला दोन मुलं झाली तर दोघांतलं एकही मेजर नसण्याची शक्यता सोळात नऊ. चार झाली तर चौघांतलं एकही मेजर नसण्याची शक्यता २५६ मध्ये ८१, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आणि चारात नेमकं एक मेजर निघेल असंही नाही.

चौकट खरी ठरते ती तिच्या माथ्यावर आणि कडेला काय लिहिलंय त्यावर. ते लिहिणारं तंत्र परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी घडत गेलं. बिघाड नेमका कुठला ते आईवडिलांत शोधायचं, आणि गर्भ दहा-बारा आठवड्यांचा असताना वारेच्या कणातून त्यातली अक्षरं वाचायची. तेव्हा शक्यता संपते आणि बाळ कुठल्या घरात आहे ते कळतं. त्यापुढचा निर्णय त्या दोघांचा, कायद्याच्या मर्यादेत. त्याबद्दल बाहेरच्याने बोलू नये असं मला वाटतं.

माथ्याची आणि कडेची अक्षरं नेहमी एकाच जातीची असतील असंही नाही. अंबरनाथ आणि बदलापूर कारखान्यांमुळे आणि स्वस्त घरांमुळे भरली. विदर्भातून, खानदेशातून माणसं आली, आणि तिकडच्या काही समाजांत सिकलसेलचं जनुक आहे. सिकलसेलवाहक आणि थॅलेसेमिया मायनर असं जोडपं असलं, तर चौथ्या घरात दोघांचं मिश्रण येतं, आणि ते बाळही आजारी असतं. दोघांच्या रिपोर्टवर वेगवेगळी नावं दिसतात, म्हणून घरचे निर्धास्त होतात. ती निर्धास्ती चुकीची आहे.

चौकट मोठी करून पाहिली तर ती गावालाही लागू होते. पनेट यांनीच गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्यापुढे यासंबंधी एक शंका मांडली होती. दोघं केंब्रिजमध्ये बरोबर क्रिकेट खेळत. हार्डी यांनी १९०८ मध्ये त्यावर एक छोटंसं पत्र छापलं, आणि ते आजही पायाभूत मानलं जातं. समजा एखाद्या समाजात तिसात एक माणूस मायनर आहे आणि लग्नं समाजातच होतात. तर नऊशे जोडप्यांत एक जोडपं दोघंही मायनर असेल आणि ३६०० बाळांत एक मेजर. दहात एक मायनर असेल, तर शंभर जोडप्यांत एक आणि चारशे बाळांत एक. मायनर तिप्पट, मेजर नऊपट. एखाद्या गल्लीत तीन-तीन मेजर मुलं का आणि शेजारच्या वस्तीत एकही का नाही, याचं कारण तिनाच्या या वर्गात आहे. तिथे कुणाचं पाप नाही. सायप्रसने सत्तरच्या दशकापासून लग्नाआधी तपासणीचा आग्रह धरला आणि मेजर बाळांचे जन्म जवळजवळ थांबवले. मायनर तिथे आजही तितकेच आहेत.

मुंबईने या चौकटीला दिलेला एक वेगळाच नमुना इथे नोंदवायला हवा. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाचं वर्णन केलं. जग त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं. मुंबईत साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो. ए आणि बी हे गट एच नावाच्या पदार्थावर चढतात. एचचं जनुक दोन्ही बाजूंनी बंद असलं, तर ए किंवा बी चढायला जागाच राहत नाही आणि साध्या तपासणीत रक्त ‘ओ’ दिसतं, आत बी लपलेला असला तरी. आता आई अशी असेल आणि वडील साधे ओ, तर बाळाला वडिलांकडून चालू एच मिळतो, आईकडून लपलेला बी मिळू शकतो, आणि दोन ‘ओ’ आईबापांना बी गटाचं मूल होतं. ज्या बाईवर अशा रिपोर्टने संशय येईल, तिच्या बाजूने उभी राहणारी साक्षीदार ही चौकट आहे. दोन जनुकांची, सोळा घरांची. फळ्यावर ती काढताना माझा आवाज दर वेळी चढायचा.

आणि जिथे ही चौकट चालत नाही तिथे ती चालवू नये. जीभ वळवता येणं हे प्रभावी जनुकाचं लक्षण म्हणून अनेक पुस्तकांत अजून छापलं जातं. १९४० मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंट यांनी तसं म्हटलं होतं. १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही असं दिसून आलं, आणि पुढे स्टर्टेव्हंट यांनीच ते मागे घेतलं. उंची, रंग, नाक यांच्यामागे तर जनुकांचा मोठा घोळका असतो. बाळ गोरं होईल का म्हणून कुणी चौकट काढायला सांगितली, तर मी खडू खाली ठेवते.

शेवटची एक चौकट अलीकडची आहे. मी शिकायला लागले तेव्हा तिचा प्रश्नच येत नव्हता, कारण मेजर मुलं लग्नाच्या वयापर्यंत क्वचित पोचत. आता नियमित रक्त, लोह काढणाऱ्या गोळ्या, कुणाला भावंडाची अस्थिमज्जा मिळालेली, अशी मेजर मुलं तिशी-चाळिशीत आहेत, नोकऱ्या करतात, लग्नं करतात. मज्जा बदललेल्या मुलाचं रक्त तपासलं तर ते दात्याचं निघतं, अगदी चालू-चालूसुद्धा. पण त्याच्या बीजपेशी त्याच्याच असतात, म्हणून चौकटीच्या कडेला त्याच्या रिपोर्टवरचं नाही, जन्माचं अक्षर लिहायचं. बंद, बंद. माथ्यावर त्याच्या बायकोचं, तपासून खात्री केलेलं चालू, चालू. घरं भरत जा. पहिलं चालू-बंद, दुसरं चालू-बंद, तिसरं चालू-बंद, चौथं चालू-बंद. चारही घरं मधली. या जोडप्याला शक्यता सांगावी लागत नाही, टक्के मोजावे लागत नाहीत. बाळ मायनर होणार हे ते जन्मायच्या आधीपासून नक्की असतं, आणि मायनर म्हणजे चालतं-बोलतं, धावतं, शाळेत जाणारं मूल.